सोप सेवांतील दोषांची चिकित्सा : करार, पत्र आणि अर्थ

१

दोन संगणकप्रणालींनी परस्परांशी व्यवहार करावयाचा तर त्यांच्यात एक भाषा आणि एक करार असावा लागतो. सोप ही संदेशपद्धती ह्याच गरजेतून निर्माण झाली. डेव्ह वाइनर, डॉन बॉक्स, बॉब अ‍ॅटकिन्सन आणि मोहसिन अल्-घोसेन ह्यांनी १९९८ साली तिची आखणी केली. मे २००० मध्ये तिची १.१ ही आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे टिपण म्हणून सादर झाली, आणि जून २००३ मध्ये १.२ ही आवृत्ती त्या संस्थेची अधिकृत शिफारस ठरली. 'सिंपल ऑब्जेक्ट अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल' ह्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले, परंतु १.२ आवृत्तीने नाव तेवढे ठेवले आणि त्याचा विस्तार सोडून दिला. ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. आरंभीच्या कल्पनेत दूरच्या संगणकावरील ऑब्जेक्ट हाताळणे हा हेतू होता. पुढे संदेशांची देवाणघेवाण एवढाच हेतू शिल्लक राहिला. तथापि सोप वापरण्यासाठी तयार झालेल्या फ्रेमवर्क्सनी वापरणाऱ्याच्या मनात रुजविलेली जुनी कल्पना मात्र कायम राहिली. सोप सेवांमध्ये वारंवार आढळणाऱ्या दोषांचे मूळ ह्या अंतरात शोधावे लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ह्या दोषांविषयी सामान्यत: दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत व्यवसायात काम करणाऱ्यांचे. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक दोष ही त्या त्या फ्रेमवर्कची एक लहर असते आणि तिच्यावरील उतारा म्हणजे कोठेतरी सापडणारी एखादी सेटिंग. त्रुटीचा संदेश शोधावा, दुसऱ्या कोणी सुचविलेली ओळ घालून पाहावी, चालली तर ठेवावी, न चालल्यास दुसरी घालावी, असा हा मार्ग आहे. दुसरे मत टीकाकारांचे. पीट लेसी ह्यांनी २००६ साली लिहिलेल्या एका उपरोधिक संवादात सोपमधील 'एस' हे अक्षर 'सिंपल'चे आहे ह्या दाव्याची यथेच्छ थट्टा केली. पद्धतीच मुळात क्लिष्ट, तेव्हा दोष उद्भवणारच, हा ह्या मताचा मथितार्थ. पहिले मत कारणापर्यंत पोचतच नाही; दुसरे मत कारण इतके व्यापक करून ठेवते की, त्याच्या साहाय्याने कोणत्याही एका दोषाचे निदान होऊ शकत नाही. म्हणून दोषांचाच जवळून विचार करणे प्राप्त होते.

२

सोपच्या व्यवहारात तीन वस्तू असतात. पहिली वस्तू म्हणजे पत्र : एक्सएमएल भाषेत लिहिलेला एक लखोटा, त्यात ऐच्छिक शीर्षभाग आणि आवश्यक असा मजकूर. दुसरी वस्तू म्हणजे करार. सेवेत कोणत्या क्रिया आहेत, त्यांस कोणती माहिती कोणत्या नावाने व कोणत्या क्रमाने द्यावयाची, उत्तर कोणत्या आकाराचे येईल आणि सेवेचा पत्ता काय, हे सर्व डब्ल्यूएसडीएल नावाच्या वर्णनपत्रात लिहिलेले असते. ह्या वर्णनपत्राची १.१ ही आवृत्ती मार्च २००१ मध्ये सादर झाली आणि व्यवहारात तीच रूढ राहिली. तिसरी वस्तू म्हणजे फ्रेमवर्क : अपाचेची अ‍ॅक्सिस व सीएक्सएफ, जावातील जॅक्स-डब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टचे डब्ल्यूसीएफ, पीएचपीतील सोपक्लायंट इत्यादी. फ्रेमवर्क करार वाचते आणि त्यावरून क्लास तयार करून देते. प्रोग्रॅम लिहिणारा एक साधे फंक्शन हाक मारल्यासारखे लिहितो. पत्र लिहिणे, धाडणे, उत्तर उलगडणे हे सारे पडद्याआड घडते.

ही सोय मोठी आहे, परंतु तिची किंमतही तेवढीच मोठी आहे. एक्सएमएल पत्रात घटकांना क्रम असतो, प्रत्येक नावास नेमस्पेस, म्हणजे त्या नावाचे कुलनाम, असते. 'घटक नाही', 'घटक आहे पण रिकामा आहे' आणि 'घटक आहे पण त्याचे मूल्य शून्यवत् घोषित केले आहे' ह्या तीन भिन्न अवस्था असतात. प्रोग्रॅममधील ऑब्जेक्टला ह्यांपैकी बहुतेक गोष्टी ठाऊक नसतात. तेव्हा फ्रेमवर्क जे करते ते निव्वळ वहन नसून भाषांतर असते, आणि एकाच कराराचे दोन भाषांतरकार दोन प्रकारे भाषांतर करू शकतात. सोपचे बहुसंख्य दोष हे ह्या अर्थाने पाठभेद होत.

ह्या विधानास इतिहासाचा आधार आहे. सोप १.१ मध्ये ऑब्जेक्टची सांकेतिक मांडणी करण्याचा एक विशेष प्रकार सांगितलेला होता. प्रत्येक फ्रेमवर्कने तो आपापल्या परीने लावला, आणि एका कंपनीच्या साधनाने पाठविलेले पत्र दुसऱ्या कंपनीच्या साधनास उमगेना. ह्यावर उपाय म्हणून २००२ साली डब्ल्यूएस-आय ही संघटना स्थापन झाली. तिच्या 'बेसिक प्रोफाइल १.०' ह्या २००४ मधील दस्तऐवजाने तो सांकेतिक प्रकार वर्ज्य ठरविला आणि पत्रातील मजकूर स्कीमामध्ये लिहिल्याप्रमाणे अक्षरश: असावा असा दंडक घातला. आजही एखादी जुनी सेवा जॅक्स-डब्ल्यूएसच्या साधनाला दाखविली की, हा प्रकार मान्य नाही असे सांगून ते थांबते. वापरणारास तो दोष वाटतो. वस्तुत: तो एका जुन्या पाठभेदाचा अवशेष आहे.

३

दोषांचे वर्गीकरण त्यांच्या उगमस्थानावरून करण्याची प्रथा आहे : जाळ्याचे दोष, कराराचे दोष, सुरक्षिततेचे दोष इत्यादी. त्याऐवजी बोलके दोष आणि मूक दोष असा भेद केल्यास निदानाला अधिक साहाय्य होते.

बोलक्या दोषांत व्यवहार थांबतो आणि काहीतरी त्रुटी समोर येते. ह्यांतील अगदी नित्याचा दोष आवृत्तीच्या गोंधळाचा. सोप १.१ चे पत्र 'टेक्स्ट/एक्सएमएल' ह्या प्रकाराने जाते आणि त्यासोबत 'सोपअ‍ॅक्शन' नावाचे शीर्षक लागते, १.२ चे पत्र 'अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' ह्या प्रकाराने जाते आणि त्याच्या लखोट्याची नेमस्पेसही निराळी असते. एका आवृत्तीची अपेक्षा करणाऱ्या सेवेस दुसऱ्या आवृत्तीचे पत्र गेले की, ती कधी ४१५ ह्या क्रमांकाने नकार देते, कधी आवृत्ती जुळत नसल्याचा दोषसंदेश पाठविते. पत्र समोर असेल तर निदानास मिनिटभर पुरते. नसेल तर दिवस जातो.

परंतु बोललेला दोष खरेच बोलतो असेही नाही. 'प्रस्तावनेत मजकुरास परवानगी नाही' अशा अर्थाची जावातील त्रुटी पुष्कळांनी पाहिली असेल. ती वाचून लोक एक्सएमएलची पहिली ओळ तपासू लागतात. कधी तेथे खरोखरच अदृश्य असे बाइटक्रमचिन्ह आढळते. परंतु अनेकदा उत्तरादाखल एक्सएमएल आलेलेच नसते. मधल्या प्रॉक्सीने लॉगिनचे पान किंवा क्षमायाचनेचे पान पाठविलेले असते आणि वाचक-प्रोग्रॅम त्यालाच पत्र समजून अडखळतो. तीच गत ५०० ह्या क्रमांकाची. सोप १.१ च्या नियमाप्रमाणे दोषसंदेश असलेले उत्तर ५०० क्रमांकानेच पाठवावे लागते, मग चूक मागणी करणाऱ्याची का असेना. जावातील मूळचे एचटीटीपी साधन ५०० दिसताच अपवाद फेकते, आणि दोषाचे सविस्तर कारण ज्या मजकुरात असते तो निराळ्या प्रवाहातून मुद्दाम मागावा लागतो. हाताने लिहिलेल्या क्लायंटमध्ये ही मागणी राहून गेली म्हणजे सेवेने दिलेले उत्तरच टाकून दिले जाते आणि 'सर्व्हर बिघडला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

४

मूक दोषांचे स्वरूप ह्याहून गंभीर आहे. बोलक्या दोषाने काम अडते. मूक दोषाने काम चालूच राहते आणि चुकीचे होते.

नेमस्पेसचा दोष ह्या वर्गात प्रथम घ्यावा लागतो. एक्सएमएल स्कीमामध्ये स्पष्ट सांगितले नसेल तर आतील घटक नेमस्पेसरहित मानावेत असा मूळ नियम आहे. परंतु बहुतेक साधने तयार करतात त्या स्कीमांत ते नेमस्पेससहित असावेत असे लिहिलेले असते. हाताने पत्र रचणारा ह्यांपैकी एकाची अपेक्षा धरून दुसरे लिहितो. शिवाय नेमस्पेसची तुलना अक्षरश: होते, शेवटी एक तिरकी रेघ अधिक पडली तरी ती निराळी नेमस्पेस ठरते. काही फ्रेमवर्क्स असा अनोळखी घटक पाहून तक्रार करतात. काही तो मुकाट्याने ओलांडून जातात, आणि सेवेस त्या जागी रिक्त मूल्य मिळते. पाठविणाऱ्याच्या नोंदीत मूल्य आहे, घेणाऱ्याच्या नोंदीत नाही, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

क्रमाचा दोषही असाच. डब्ल्यूसीएफमधील डेटाकॉन्ट्रॅक्टसीरियलायझर वेगळे काही सांगितले नसल्यास घटकांची अपेक्षा नावांच्या वर्णानुक्रमाने करतो. क्रम सोडून आलेला घटक तो वाचत नाही व त्रुटीही देत नाही. दुसऱ्या भाषेतून पत्र लिहिणाऱ्यास हा नियम ठाऊक असण्याचे कारण नाही. पत्र डोळ्यांना निर्दोष दिसते आणि तरी दोन-तीन मूल्ये हरवतात.

डॉटनेटमधील एक्सएमएलसीरियलायझरचा प्रकार ह्याच्या उलट टोकाचा आहे. करारात एखादी संख्या ऐच्छिक असेल तर तो तिच्या जोडीस 'स्पेसिफाइड' हा प्रत्यय लावलेला एक खरे-खोटे गुणधर्म निर्माण करतो. प्रोग्रॅममध्ये रक्कम भरली, परंतु हा जोडगुणधर्म खरा केला नाही, तर रक्कम पत्रात लिहिलीच जात नाही. डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडून पाहिला तर रक्कम जागेवर असते, आणि सेवेकडे पोचलेल्या पत्रात तिचा मागमूस नसतो. ऑब्जेक्टवर विसंबून निदान करणाऱ्याची फसगत होते ती अशी. पीएचपीतील सोपक्लायंट उत्तरातील नोंदी अनेक असल्या की त्यांची यादी देतो, परंतु नोंद एकच असली तर यादी न देता ती नोंदच सुटी देतो. त्यासाठी असलेला विशेष पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. ज्या ग्राहकाची एकच मागणी आहे त्याच्याच बाबतीत प्रोग्रॅम चुकतो, आणि चाचणीत नेहमी अनेक नोंदी असल्यामुळे दोष उशिरा उघड होतो.

तारखेचा दोष तर सर्वांत फसवा. जन्मतारीख ही केवळ तारीख असताना करारात ती दिनांक-वेळ ह्या प्रकाराने लिहिली जाते. भारतीय प्रमाणवेळेची मध्यरात्र ही जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशीचे १८.३० वाजणे होय. एका फ्रेमवर्कने मूल्य जागतिक वेळेत लिहिले आणि दुसऱ्याने त्यातील वेळ टाकून केवळ तारीख घेतली, की माणूस एक दिवस आधी जन्मतो. येथे पत्र स्कीमाला धरून आहे, घटक आहेत, क्रम आहे. चुकला आहे तो अर्थ. म्हणून स्कीमानुसार तपासणी हा मूक दोषांवरील रामबाण उपाय आहे, हे मतही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. नेमस्पेस आणि क्रम ह्यांचे दोष त्या तपासणीत निश्चित सापडतात; सीएक्सएफमध्ये पूर्ण स्कीमा-तपासणी मुद्दाम चालू करावी लागते, आणि चाचणीच्या काळात तरी ती करावीच. परंतु ऐच्छिक घटकाचा लोप आणि तारखेचे सरकणे त्या तपासणीतून सुखरूप पार पडतात.

५

मराठी वाचकास ह्या चर्चेत एक विशेष स्थान आहे, कारण काही दोष केवळ लॅटिन लिपीत काम करणाऱ्यास दिसतच नाहीत. युटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन. 'महाराष्ट्र' ह्या शब्दात व्यंजने, काने आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत. म्हणजे ३० बाइट. हाताने लिहिलेल्या क्लायंटने पत्राची लांबी बाइटांऐवजी चिन्हांत मोजली तर एवढ्या एका शब्दापायी लांबी २० ने कमी सांगितली जाते, आणि सेवा पत्राची शेवटची २० बाइट वाचतच नाही. लखोटा बंद करणारी खूण कापली जाते आणि 'दस्तऐवज अकाली संपला' अशी तक्रार येते. इंग्रजी नावांनी केलेल्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेल्या असतात.

दुसरा दोष लिपिसंकेताचा. २००१ सालच्या आरएफसी ३०२३ प्रमाणे 'टेक्स्ट/एक्सएमएल' ह्या प्रकारासोबत लिपिसंकेत सांगितला नसेल तर तो अमेरिकन अ‍ॅस्की मानावा, मग पत्राच्या पहिल्या ओळीत काहीही लिहिलेले असो, असा विचित्र नियम होता. २०१४ च्या आरएफसी ७३०३ ने तो बदलला. जुन्या साधनांतून त्याची छाया गेली असे मात्र नाही. ह्या दोषाचे निदान करताना प्रश्नचिन्हे कोठे उमटली हे पाहावे. पत्रातच प्रश्नचिन्हे असतील तर अक्षरे पाठविणाऱ्याकडेच नष्ट झाली आणि ती परत मिळणार नाहीत. पत्रातील तीन-तीन बाइटांचे गट शाबूत असतील तर चूक वाचणाऱ्याची आहे आणि ती सुधारता येते.

६

सुरक्षिततेच्या क्षेत्रात पाठ आणि अर्थ ह्यांतील अंतर अधिकच महाग पडते. २००४ साली ओएसिस संस्थेने संमत केलेल्या डब्ल्यूएस-सिक्युरिटी ह्या मानकात परवलीचा शब्द उघड न पाठविता एक यादृच्छिक मूल्य, निर्मितीची वेळ आणि परवलीचा शब्द ह्यांचा मिळून सारांक काढून पाठविण्याची सोय आहे. यादृच्छिक मूल्य पत्रात बेस-६४ रूपात लिहितात. सारांक काढताना मात्र त्याचे मूळ बाइट घ्यावयाचे असतात. ते न उलगडता तसेच जोडले की, परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. वेळेचेही तसेच. टेहळणीच्या कॅमेऱ्यांसाठी २००८ साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी ह्यांनी सुरू केलेली ऑनव्हिफ ही व्यवस्था सोप १.२ वर उभी आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ मागे-पुढे झाले की, तो योग्य परवलीही नाकारतो आणि कारण म्हणून केवळ 'अधिकार नाही' एवढेच सांगतो. ऑनव्हिफमध्ये कॅमेऱ्याची वेळ विचारण्याची क्रिया ओळख न पटविताही करता येते. आधी वेळ विचारावी, फरक काढावा आणि मग सारांक करावा, हा ह्या दोषाचा खरा उपाय होय. वारंवार परवली बदलणे हा नव्हे.

डिजिटल स्वाक्षरीची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. स्वाक्षरी झाल्यानंतर एखाद्या साधनाने पत्र वाचनीय दिसावे म्हणून ओळी सुटसुटीत केल्या, तर माणसाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, पण स्वाक्षरी खोटी ठरते. ह्याच्या उलट प्रकार २०११ साली जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिला. अ‍ॅमेझॉन आणि युकॅलिप्टस ह्यांच्या क्लाउड सेवांच्या सोप नियंत्रणद्वारांत स्वाक्षरी केलेला मूळ मजकूर पत्रातील दुसऱ्या जागी हलवून त्याच्या स्थानी नवा मजकूर ठेवता येत होता. स्वाक्षरी तपासणारा भाग मूळ मजकूर शोधून काढी आणि समाधानी होई. आज्ञा पाळणारा भाग नवा मजकूर वाची. एकाच पत्राचे एकाच घरातील दोन वाचक दोन पाठ वाचत होते. हरवलेली रक्कम आणि हा हल्ला ह्यांत प्रकारभेद नाही. भेद आहे तो परिणामांच्या तीव्रतेत.

७

सर्व दोष पत्र वाचून सापडतात असा दावा करणे मात्र अतिरेकाचे होईल. काही दोष काळामुळे उद्भवतात. पीएचपी वर्णनपत्राची प्रत मुळातच ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, साठवून ठेवते. सेवेने करार बदलला तरी क्लायंट कालच्या कराराप्रमाणे बोलत राहतो. डब्ल्यूसीएफ येणाऱ्या पत्राची मर्यादा मुळात ६५,५३६ बाइट एवढी धरते. चाचणीतील लहान उत्तरे निभावतात, नोंदी वाढल्या की सेवा बंद पडल्यासारखी वाटते, आणि देवनागरी मजकुराने ही मर्यादा लवकर गाठली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून जॅक्स-डब्ल्यूएस काढून टाकण्यात आले, आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये 'जावाएक्स' ने आरंभ होणारी पॅकेजनामे 'जकार्ता' ने सुरू होऊ लागली. ओळीही न बदललेले प्रोग्रॅम त्यामुळे क्लास सापडत नाही असे म्हणू लागले. येथे पत्र लिहिलेच जात नाही, तेव्हा ते वाचण्याचा प्रश्न नाही. तथापि पत्र निघाले की नाही, हेही पत्र शोधूनच कळते; आणि म्हणून पहिला प्रश्न बदलत नाही.

ह्या सर्व विवेचनावरून निदानाचा एक क्रम सुचतो. प्रथम तारेवरून प्रत्यक्ष गेलेले पत्र आणि आलेले उत्तर शीर्षकांसह मिळवावे. प्रोग्रॅमच्या नोंदीत छापलेला ऑब्जेक्ट हा पुरावा मानू नये. नंतर करारावरून सोपयूआयसारख्या साधनाने स्वतंत्रपणे तयार केलेले पत्र त्याच्या शेजारी ठेवून दोहोंतील भेद टिपावेत. त्यानंतर स्कीमाची तपासणी करावी, आणि सर्वांत शेवटी, जे भेद स्कीमास दिसत नाहीत, त्यांसाठी दोन्ही टोकांच्या माणसांना प्रत्येक मूल्याचा अर्थ विचारावा. हस्तलिखितांच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित वाटणार नाही. पाठ मिळविणे, पाठ ताडून पाहणे आणि मगच अर्थ करणे, हीच ती रीत आहे. सेटिंग बदलण्याची वेळ त्यानंतर येते.

आता टीकाकारांच्या मताकडे पुन्हा वळता येईल. सोप क्लिष्ट आहे हे खरे; परंतु वरील दोषांपैकी तारखेचा, लिपीचा, एकट्या नोंदीचा आणि ऐच्छिक मूल्याचा दोष जेसॉनवर चालणाऱ्या साध्या सेवांतही आढळतो. तेथे तर तारखेसाठी स्वतंत्र प्रकारही नाही, आणि पुष्कळदा यंत्रास वाचता येईल असा लेखी करारच नसतो. सोपमध्ये दोष शोधता येतो ह्याचे एक कारण, ज्याच्याशी पत्र ताडून पाहावे असा करार तेथे लिहिलेला असतो, हे होय. उणीव आहे ती हा करार वाचण्याची गरजच उरली नाही असे भासविणाऱ्या साधनांत, आणि त्या भासावर विसंबणाऱ्या शिक्षणात. बँका, शासकीय कार्यालये आणि विमासंस्था ह्यांच्या कितीतरी जुन्या प्रणाली आजही सोपवर चालतात, आणि त्यांची देखभाल करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वाट्यास येते. त्यांना फ्रेमवर्कचा परिचय करून देण्यापूर्वी एक पत्र हाताने लिहावयास लावणे आणि एक करार ओळीओळीने वाचावयास लावणे, एवढा बदल अभ्यासक्रमात झाला, तरी वर सांगितलेल्या मूक दोषांपैकी बरेचसे ते स्वत:हून ओळखू शकतील.